माथा उघडा पडला तर

पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीला येणारी माणसं पाझर तलाव पाहतात, उन्हाळ्यातही पाणी असलेल्या विहिरींत डोकावतात, यादवबाबांच्या मंदिरात जातात आणि परततात. गावाचं पाणी जिथे ठरलं ती जागा त्यांच्या वाटेवर येत नाही. ती आहे आजूबाजूच्या टेकड्यांच्या माथ्यावर, कुसळीच्या गवतात आणि उताराला आडव्या खणलेल्या समतल चरांत.

१९७५च्या सुमारास अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले तेव्हा इथला पाऊस आजच्याएवढाच होता, वर्षाला चारशे ते पाचशे मिलिमीटर. १९७२च्या दुष्काळात सरकारने बांधलेला पाझर तलाव होता, पण तो पाणी धरत नव्हता. गावाने श्रमदानाने तो दुरुस्त केला आणि तलावाखालच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी राहिलं. एवढ्यावर थांबलं असतं तर राळेगणचं नाव तालुक्याबाहेर गेलं नसतं. काम वर चढलं. पाणलोटाचं काम करणारे सगळेच ‘माथा ते पायथा’ म्हणतात, पण तो नियम प्रत्यक्षात पाळणं अवघड असतं, कारण पैसे आणि मतं दोन्ही पायथ्याला असतात. राळेगणने तो पाळला. आधी टेकड्यांवर चर, गवत आणि झाडं, मग उतारावरची बांधबंदिस्ती, मग ओढ्यांवर नालाबांध आणि सर्वांत शेवटी सिमेंटचे बंधारे. त्याच्या जोडीला चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. या दोन बंद्या नसत्या तर पहिल्या दोन पावसांतच चर गाळाने बुजले असते.

हे एवढं आवश्यक का होतं, ते इथला खडक सांगतो.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हा वाहिला. तो एका तोंडातून उसळलेला, शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्ह्याचे लोट पसरत गेले. एकावर एक, मध्ये काही काळ विसावा घेत. आज जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर तो खडक उरला आहे. कळसूबाईचं १,६४६ मीटरचं शिखर, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, चांदोलीचे सडे, मुंबईतल्या कान्हेरीच्या लेण्यांचा डोंगर आणि राळेगणच्या टेकड्या ही सगळी त्याच घटनेची शिल्लक आहे. पारनेर तालुक्यातच निघोजजवळ कुकडी नदीने या खडकात कोरलेले रांजणखळगे आहेत. तिथे उभं राहिलं की खडकाचा कठीणपणा आणि पाण्याची चिकाटी दोन्ही एका नजरेत दिसतात.

विहीर खोदणाऱ्या माणसाला हा खडक पुस्तकाशिवाय कळतो. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. पाणी मुरमात असतं, मांजऱ्याच्या छिद्रांत आणि भेगांत असतं. पाषाण लागला की सुरुंग लावा नाही तर काम थांबवा. पाषाणाखाली पुन्हा मांजऱ्याचा थर लागू शकतो, पण तो वरून भरायला वाट हवी. गंगेच्या खोऱ्यात शेकडो फूट गाळ असतो आणि त्यात पाणी साठून राहतं. आपल्या खडकात साठवणीची जागा फार थोडी, शंभर घनमीटर मुरमामागे दोन-तीन घनमीटर पाणी मिळालं तरी बरं म्हणायचं. म्हणून इथे पाणी किती पडतं यापेक्षा ते किती वेळ थांबतं हा प्रश्न मोठा आहे. राळेगणचं क्षेत्र साधारण ९८० हेक्टर आहे. त्यावर साडेचारशे मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४४ लाख घनमीटर पाणी. उघड्या बरड माळावर त्यातलं बरंचसं काही तासांत ओढ्याला लागतं आणि जाताना माती घेऊन जातं. गवताच्या माळावर तोच पाऊस रेंगाळतो. मारवेल, पवना, कुसळी यांची मुळं बोटभर मातीला धरून ठेवतात आणि ती बोटभर माती मुरमाचं तोंड उघडं ठेवते. ती माती गेली की खाली कितीही बंधारे बांधा, ते गाळाने भरतात. बेसाल्टपासून नवी माती तयार व्हायला माणसाच्या कित्येक पिढ्या लागतात. आपल्या हयातीत ती परत येणार नाही, हे गृहीत धरूनच बोललं पाहिजे.

आता राळेगणच्या शिवेबाहेर पाहू.

एका गावाच्या पाणलोटाला जसा माथा आणि पायथा असतो तसा अख्ख्या जिल्ह्यालाही आहे. अहिल्यानगरचा माथा पश्चिमेला, अकोले तालुक्यात. घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथून सव्वाशे किलोमीटरच्या आत पारनेरला त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका. प्रवरा रतनगडावर उगम पावते आणि भंडारदऱ्याच्या धरणात अडते. मुळा रतनगड-हरिश्चंद्रगडाच्या रांगेतून निघते आणि राहुरीजवळच्या मुळा धरणातून अहिल्यानगर शहराला पाणी पाजते. दक्षिणेला जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात कुकडी, आर, मीना, घोड यांचे उगम आहेत. त्यांच्यावर येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आहेत आणि त्यांच्या कालव्यांवर पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याची शेती अवलंबून आहे. खुद्द राळेगणने आपल्या शिवारातलं पाणी अडवल्यावर कुकडीच्या कालव्यातून उपसा करून आणखी पाणी आणलं. म्हणजे स्वतःचा माथा सांभाळणाऱ्या या आदर्श गावाचा एक माथा हरिश्चंद्रगड-नाणेघाटाच्या रांगेत आहे आणि तिथे त्याच्या ग्रामसभेचा ठराव चालत नाही.

तो माथा कोण सांभाळतं? कागदावर उत्तर चांगलं आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ला जाहीर झालं, भीमाशंकर त्याच्या एक वर्ष आधी. सह्याद्रीच्या रांगेत आणखी दक्षिणेला कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान. चांदोली १९८५ला अभयारण्य झालं, २००४ला राष्ट्रीय उद्यान, आणि २०१०ला कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. सुमारे १,१६५ चौरस किलोमीटरचा हा प्रकल्प. २०१२ला युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून नोंदवली, त्यात कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही महाराष्ट्रातली चार आहेत. वारणा आणि कोयना या दोन मोठ्या धरणांचं पाणी या जंगलांतून येतं.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांत एक महत्त्वाचा फरक आहे. अभयारण्यात नियंत्रित चराईला वाव असतो. राष्ट्रीय उद्यानात जनावर चरायला सोडताच येत नाही. म्हणजे राळेगणने जी चराईबंदी ग्रामसभेत बसून स्वतःवर घातली, तीच चांदोलीत कायद्याने वरून आली. परिणाम मात्र फार वेगळा झाला. राळेगणमध्ये जनावर गोठ्यात बांधलं गेलं आणि माळावरचं गवत कापून त्याला मिळालं, दूध वाढलं. चांदोलीत जनावराबरोबर माणूसही उठला. आधी वारणेच्या धरणाने, मग अभयारण्याने गावं हलवली. उठलेल्या माणसांना जमीन, पाणी आणि गावठाणातल्या सोयी मिळवण्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले, ठिय्या धरावा लागला. त्यांच्या सोडलेल्या शेतांवर आज गवताचे माळ आहेत आणि गवे-सांबर तिथे चरायला उतरतात. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या मोकळी ठेवलेली ती जमीन होती, हे माहितीफलकावर सहसा नसतं.

माझा राष्ट्रीय उद्यानाला विरोध नाही. चांदोली नसतं तर त्या डोंगरावर काय उभं राहिलं असतं हे पाहायला पाचगणीपर्यंत जाणं पुरेसं आहे. २०१८ला चांदोलीत कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला आणि आता विदर्भातून वाघ आणून इथे वसवण्याचं काम सुरू झालं आहे. हे सगळं हवंच आहे. पण राष्ट्रीय उद्यानाच्या कल्पनेत एक गृहीतक दडलेलं आहे. कुंपणाच्या आत सगळं बंद केलं की बाहेर काहीही चालेल, आणि गुराख्याला हटवलं की डोंगर सुरक्षित झाला. सह्याद्रीत हे गृहीतक कोसळताना दिसतं आहे.

भंडारदऱ्याच्या परिसरात मे अखेरीस आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात काय चालतं ते पाहा. वळीव पडून गेला की सादडा, जांभूळ, हिरडा यांच्या झाडांवर काजवे जमतात. त्यांचं प्रौढ आयुष्य काही आठवड्यांचं. त्याआधी कितीतरी महिने ते अळीच्या रूपात पालापाचोळ्यात आणि ओल्या मातीत असतात, गोगलगायी खातात. प्रौढ झाल्यावर नर लुकलुकून मादीला हाक देतो, मादी उत्तर देते. सगळी पुढची पिढी या हाकेवर अवलंबून आहे. या नेमक्या दिवसांत शनिवार-रविवारी मुंबई, पुणे, नाशिककडून गाड्यांच्या रांगा येतात. हेडलाइट झाडावर पडतात, मोबाइलचे फ्लॅश उडतात, माणसं चांगला फोटो मिळावा म्हणून झाडाखाली जातात. झाडाखाली म्हणजे नेमकं जिथे माद्या असतात आणि अंडी घातली जातात, तिथे. एका रात्री किती माद्या पायाखाली जातात याची मोजदाद कुणी ठेवत नाही. वनविभाग वेळेची बंधनं घालतो, गाड्या अडवतो. पण चार वनरक्षकांनी हजारोंची गर्दी आवरावी ही अपेक्षाच चुकीची आहे. त्या गर्दीवर स्थानिक तरुणांचं चार महिन्यांचं घर चालतं, हेही खरं आहे. त्यांना दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही.

काजवा हा इथे केवळ एक किडा म्हणून महत्त्वाचा नाही. ज्या पालापाचोळ्यात त्याची अळी वाढते, तोच पाचोळा पाच हजार मिलिमीटर पावसाचा मार झेलतो. राळेगणच्या माळावर जे काम गवत करतं, ते इथे पाचोळा आणि त्याखालचा बुरशी-गांडुळांचा थर करतो. तो तुडवला गेला, तंबूंसाठी सपाट केला गेला, गाड्यांसाठी मुरूम टाकून दाबला गेला की पाणी थांबत नाही. तळ्याकाठी तंबूंच्या रांगा दिसतात तेव्हा आपण त्याला पर्यटन म्हणतो. पाणलोटाच्या भाषेत ती माथ्यावरची उघडी जमीन आहे.

शेळीला बंदी आणि गाडीला रस्ता, अशी ही व्यवस्था झाली आहे. शेळी वाईट नव्हतीच असं मी म्हणत नाही. मोकाट चराईने महाराष्ट्राचे किती माळ बोडके केले हे पारनेरकराला सांगायला नको. प्रश्न एवढाच की बंदीची तलवार कुणावर चालते. डोंगरातला महादेव कोळी, ठाकर, कोयनेकडचा गवळी-धनगर यांच्या जनावरावर, त्यांच्या हिरड्यावर, त्यांच्या सरपणावर ती तत्परतेने चालते.

मोठ्या गोष्टींवर ती चालत नाही. साताऱ्याच्या पठारांवर पवनचक्क्यांसाठी जे रस्ते कापले गेले त्यांनी सड्यांचे तुकडे केले. कोल्हापूरच्या बाजूला बॉक्साइटच्या खाणींनी जांभ्याचे सडे खरवडले. सडा म्हणजे ओसाड कातळ असं सरकारी नकाशाला वाटतं. पावसाळ्यात त्यावर फुलणाऱ्या कितीतरी वनस्पती जगात इतरत्र नाहीत, आणि त्याच्या पोटात मुरलेलं पाणी उन्हाळ्यात खालच्या वाड्यांच्या झऱ्यांना येतं. आता कोयना-कासच्या शेजारी नवीन महाबळेश्वर उभं करायचं चाललं आहे. २०१९ला २३५ गावं त्यासाठी विशेष नियोजनाखाली आणली गेली, पुढे त्यात आणखी गावं जोडली गेली. जुन्या महाबळेश्वरची कोंडी फोडायची म्हणून तीच कोंडी डोंगराच्या कण्यावर पसरवणं हा उपाय नाही.

उदंचन जलविद्युत प्रकल्पांचं थोडं वेगळं आहे. घाटघरला २५० मेगावॉटचा असा प्रकल्प आहे. वर एक धरण, कड्याखाली दुसरं, रात्री पाणी वर चढवायचं आणि गरजेला सोडायचं. सौर आणि पवन ऊर्जा वाढली की ती साठवायला अशी सोय लागते, हे मान्य केलं पाहिजे. म्हणून या प्रकल्पांना सरसकट विरोध करता येत नाही. पण सह्याद्रीच्या कड्यालगत असे प्रकल्प एकामागून एक मंजूर होत आहेत, प्रत्येकाचा पर्यावरण अहवाल स्वतंत्र, आणि सगळ्यांचा मिळून एका रांगेवर किती भार पडतो याचा हिशोब करणारं टेबल कुठल्याच कार्यालयात नाही.

तसा हिशोब करण्याचा एक गंभीर प्रयत्न झाला होता. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ला अहवाल दिला. त्यातली माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट त्या अहवालाच्या विरोधकांनी लपवली आणि समर्थकांनीही पुरेशी मांडली नाही. ग्रामसभांशी बोलून, खालून वर निर्णय व्हावा, असं त्यात म्हटलं होतं. प्रचार मात्र असा झाला की गावात घर बांधता येणार नाही, वीट लावता येणार नाही. मग कस्तुरीरंगन समिती आली, संवेदनशील क्षेत्र कमी झालं. २०१४पासून केंद्राच्या अधिसूचनेचा मसुदा पुन्हा पुन्हा काढला जातो आहे. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४चा. त्यात पश्चिम घाटातलं सुमारे ५६,८०० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे आणि महाराष्ट्रातलं १७,३४०. तो निघाला त्याच्या आदल्या दिवशी केरळात वायनाडचा डोंगर खचून शेकडो माणसं गेली होती.

आपल्याकडे तीच तारीख दहा वर्षं आधी येऊन गेली. ३० जुलै २०१४, आंबेगाव तालुक्यातलं माळीण. दीडशेहून अधिक माणसं सकाळी घरात असताना डोंगराखाली गाडली गेली. अतिवृष्टी हे तातडीचं कारण होतंच. यंत्राने केलेल्या सपाटीकरणाकडेही बोट दाखवलं गेलं. या भागातल्या आदिवासींची पडकईची पद्धत जुनी आहे. उतारावर दगडी बांध घालून, हाताने, थोडं थोडं करत भाताची खाचरं काढायची. तेच काम यंत्र काही तासांत करतं आणि उताराचा तोल बघत नाही. माळीण डिंभे धरणाच्या पाणलोटात आहे. म्हणजे कुकडी प्रकल्पाच्या माथ्यावर. पुढे २०२१ला तळिये, २०२३ला इर्शाळवाडी इथेही दरडी कोसळल्या. दरवेळी चर्चा पुनर्वसनाच्या घरांची झाली, उतारांची नाही.

आणि कुंपणाचं म्हणाल तर त्याचं उत्तर पारनेरच्याच एका बिबट्याने देऊन ठेवलं आहे. २००९ला टाकळी ढोकेश्वरला तो विहिरीत पडला. बाहेर काढल्यावर विद्या अत्रेय आणि वनविभागाच्या अभ्यासकांनी त्याला रेडिओ कॉलर लावली आणि माळशेज घाटात सोडलं. वय झालेला, शांत, म्हणून नाव पडलं ‘आजोबा’. तो डोंगर उतरला, रेल्वेचे रूळ ओलांडले, औद्योगिक वस्त्यांतून गेला, वसईची खाडी पार केली आणि शंभरहून अधिक किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. वाटेत त्याने कुणावर हल्ला केला नाही. २०११च्या डिसेंबरमध्ये महामार्गावर वाहनाची धडक बसून तो मेला.

या प्रवासातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, पारनेरची विहीर आणि मुंबईचं राष्ट्रीय उद्यान यांच्यामध्ये जनावराच्या दृष्टीने अजून एक सलग भूमी आहे. दुसरी, ती भूमी फार बारीक धाग्यावर उरली आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेरच्या उसात आज बिबटे पिढ्या वाढवत आहेत. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, ऊस वर्षभर उभा राहिला आणि बिबट्याला त्यात जंगल मिळालं. त्याचे भोग शेतमजुरांच्या, मेंढपाळांच्या वाट्याला आले आहेत. पहाटे पाण्याची पाळी धरायला जाणाऱ्या माणसाच्या मनातली भीती खरी आहे, तिला शहरातून उपदेश करू नये. पण ‘बिबटे पकडा आणि जंगलात नेऊन सोडा’ ही मागणी ज्या जंगलाकडे बोट दाखवते, ते जंगल आपण दुसऱ्या हाताने कापतो आहोत.

जगात अशी उद्यानं आहेत जी दुसऱ्या वाटेने सुरू झाली. न्यूझीलंडच्या टोंगारिरोमध्ये तीन ज्वालामुखी आहेत. १८८७ला तिथल्या माओरी टोळीच्या प्रमुखाने, ते ह्युह्यु तुकिनो यांनी, ही पवित्र शिखरं राष्ट्राच्या हाती सोपवली. त्यातून देशाचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. पुढे शिकारीचे पक्षी वाढावेत म्हणून एका अधिकाऱ्याने तिथे युरोपातलं हीदर झुडूप लावलं आणि आजही ते झुडूप मूळच्या वनस्पतींना मागे रेटतं आहे. टोळीने ज्या भावनेने डोंगर दिला ती व्यवस्थापनात उतरायला शंभराहून अधिक वर्षं लागली. १९९३ला युनेस्कोने त्याला सांस्कृतिक भूदृश्य म्हणून मान्यता दिली. अकोल्यातल्या देवराया, हरिश्चंद्रेश्वर, कळसूबाईचं देऊळ पाहता आपल्याकडेही डोंगराचं रक्षण वनखात्याच्या जन्माआधीपासून चालत आलेलं आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपलं ते याच तालुक्यात. जपण्याची रीत डोंगरातल्या माणसाला शिकवावी लागत नाही.

इथे राळेगणकडे पुन्हा जायला हवं, पण डोळे उघडे ठेवून. त्या गावाच्या शिस्तीला एक कठोर बाजू होती. दारू पिणाऱ्याला खांबाला बांधून मारण्याची शिक्षा तिथे झाली आहे आणि हजारे यांनी ती लपवलेली नाही. मला ती मान्य नाही. लोकांच्या सहभागातून आलेल्या कामाला तिची गरज होती असंही वाटत नाही. चराईबंदीचा पहिला फटका भूमिहीनाच्या शेळीला बसला, हेही विसरता येत नाही. तरी त्या गावात बंदी टिकली, कारण सोडणारा आणि मिळवणारा एकाच शिवारात राहत होता. ज्याने माळावर शेळी सोडली नाही, त्याच्या किंवा त्याच्या भावकीच्या विहिरीला दोन-चार वर्षांत पाणी आलं. ज्याला पाणी आलं नाही त्याला मजुरी तरी गावात मिळू लागली. बंदीचं फळ बंदी पाळणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होतं.

सह्याद्रीत हे गणित तुटलेलं आहे. सोडणारा अकोल्यात, जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात, पाटणच्या वाड्यांत राहतो. मिळवणारा श्रीगोंद्याच्या उसात, राहुरीच्या बागेत, अहिल्यानगरच्या नळावर, कारखान्याच्या गाळपात. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या वाडीत उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन झऱ्यावर बसतात आणि त्यांच्याच डोंगराचं पाणी दीडशे किलोमीटरवर बारमाही पिकाला जातं. अशा माणसाला तुम्ही कोणत्या तोंडाने सांगणार की तंबू लावू नकोस, जमीन भाड्याने देऊ नकोस? त्याने आजवर जे सोडलं त्याचा मोबदला कुणी दिला नाही. पर्यटनाने पहिल्यांदा त्याच्या हातात रोकड दिली. आपण ती काढून घेऊ म्हटलं तर तो विरोध करेल, आणि त्याचा विरोध न्याय्य असेल.

माझी भीती नेमकी इथे आहे. येत्या काही वर्षांत माथ्यावरची माणसंच माथा विकायला तयार होतील, कारण राखण्यात त्यांचं काही नाही. त्या दिवशी अभयारण्याची सीमा, उद्यानाचा दर्जा, युनेस्कोची पाटी यांपैकी काहीच उपयोगी पडणार नाही. आणि तो परिणाम आधी डोंगरात दिसणार नाही. तो दिसेल धरणाच्या पोटात. साठवण आटेल, गाळ चढेल. २०१७पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार अशी योजना आपण चालवतो. साठलेला गाळ काढून शेतात टाकणं चांगलंच आहे. पण तो गाळ म्हणजे कुठल्या तरी उतारावरून सुटलेली माती आहे, आणि तिच्या सुटण्याला थांबवण्यासाठी तेवढ्याच तत्परतेने पैसा मंजूर झालेला दिसत नाही.

करण्यासारखं बरंच आहे आणि त्यासाठी नवा कायदाही नको. २००६च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळतो आणि वन राखण्याचा अधिकारही. तो अभयारण्यातल्या गावांनाही लागू आहे. अकोले, जुन्नर, आंबेगावचे आदिवासी पट्टे अनुसूचित क्षेत्रात येतात, तिथे १९९६चा पेसा कायदा ग्रामसभेला बळ देतो. काजव्यांच्या हंगामात किती गाड्या आत येतील, कुठे थांबतील, त्याचे पैसे कोण घेईल, हे त्या त्या ग्रामसभेने ठरवावं आणि वनविभागाने तिच्या मागे उभं राहावं. चांदोलीच्या राहिलेल्या विस्थापितांचे हिशोब मिटल्याशिवाय तिथे वाघ आणण्याचा उत्सव करू नये. पश्चिम घाटाची अंतिम अधिसूचना काढताना प्रत्येक गावात मराठीत, नकाशा भिंतीवर लावून, काय बंद आणि काय चालू हे सांगितलं गेलं पाहिजे. अफवा उरते ती माहिती नसते तिथे.

आणि पाणी घेणाऱ्याने पाणी देणाऱ्याला काही दिलं पाहिजे. पाणीपट्टीचा एक ठरावीक हिस्सा पाणलोटातल्या गावांना, थेट ग्रामसभेच्या खात्यात, आणि त्याच्या बदल्यात उतार झाकलेला राखण्याची जबाबदारी. राळेगणच्या गणितात सोडणारा आणि मिळवणारा एकत्र होते. इथे ते शंभर-दीडशे किलोमीटरवर आहेत, म्हणून त्यांना हिशोबाने जोडावं लागेल. साखर कारखाने, नगरपालिका, औद्योगिक वसाहती यांना हा भार झेपण्यासारखा आहे.

याची सुरुवात कुकडी प्रकल्पाच्या कालवा सल्लागार समितीपासून करता येईल. दरवर्षी तिच्या बैठका होतात. आमदार असतात, पाटबंधारे खात्याचे अभियंते असतात, लाभक्षेत्रातले पुढारी असतात. आवर्तन किती तारखेला, किती दिवसांचं, टेलच्या गावाला पाणी पोचेल की वरच्यावर उपसलं जाईल, पुणे जिल्ह्याने किती घ्यायचं आणि अहिल्यानगरने किती, यावर तास न्‌ तास भांडण चालतं. धरणाच्या भिंतीच्या वरच्या अंगाला काय चाललं आहे हा विषय तिथे निघत नाही. पारनेरच्या गावांनी पुढच्या बैठकीत तो विषयपत्रिकेवर घ्यायला लावावा, आणि आदिवासी पट्ट्यातल्या ज्या गावांच्या उतारावरून हे पाणी येतं त्यांच्या ग्रामसभांचे प्रतिनिधी त्या टेबलाशी बसवण्याची मागणी लेखी द्यावी.